तिरकं धरून

मुलीने टक्सनहून कुणाबरोबर तरी पाठवलं
साखरपाण्याचं लाल भांडं,
बुडाशी चार पिवळी प्लास्टिकची फुलं.
तिच्या खिडकीत असल्याच भांड्यावर हमिंगबर्ड येतो.
फोनवर दाखवला होता तिने :
हवेत खिळा ठोकून अडकवल्यासारखा.
पंख दिसतच नव्हते.
मशीन पुऱ्या वेगात गेलं की रोलर थांबल्यासारखा वाटतो,
तसं.

मी ते मागच्या दारी, कपड्यांच्या तारेशेजारी टांगलं.
मुंग्या आल्या.
मग आणखी मुंग्या आल्या.

दसकच्या नर्सरीतला गांगुर्डे हसला नाही,
हे त्याचं चांगलं.
"मावशी, तो पक्षी आपल्याकडं नाय.
आपल्याकडं शिंजीर. अंगठ्याएवढा.
त्याला भांडं नको, नळीचं फूल पायजे.
आन् हे डबल पाकळीचं घेऊ नका,
दिसायला भरगच्च, आत प्यायला काय नाय."
रसेलिया दिला, दोन हमेलिया, एक अडुळसा,
आणि कोपऱ्यातली धायटी, फुकट,
कारण ती त्याच्याकडे कुणी मागत नव्हतं.
निघताना म्हणाला,
"फवारा मारू नका. कोळ्याची जाळीबी राहू द्या,
घरटं शिवायला दोरा तोच."

जाळी राहू द्या!
दर शनिवारी लांब झाडूने
मी कोपरान् कोपरा साफ करणारी बाई.
पहिला महिना हात शिवशिवत होते.

आठ बाय बाराची जागा. माती कमी, डबर जास्त.
खणताना फरशीचे तुकडे निघाले,
एक चमचा,
आणि आधीच्या मालकाचं कसलंतरी पाइपाचं तोंड,
कुठेच न जाणारं.
वहीत तारखा घातल्या. प्रेसची सवय.
मार्च : आवक शून्य. जून : शून्य.
दिवाळीत रसेलिया कारंज्यासारखा फुटला.
शून्य.

फेब्रुवारीत आला,
तोही बोराडेंच्या आंब्यावरच्या बांडगुळाला,
जे काढा म्हणून मी त्यांच्याशी दोनदा भांडले होते.
तिथून उतरून त्यांच्या स्कूटरच्या आरशाशी
तास-दीड तास मारामारी.
माझ्या फुलांकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही.
मी वहीत लिहिलं, शेजारी : एक.

नवव्या दिवशी भिंत ओलांडली.
रसेलियाच्या काडीला उलटा लोंबकळला,
वाकडी चोच नळीत घातली,
आणि मला वाटलं, काळा?
एवढ्यासाठी सव्वा वर्ष?

मग ऊन बोराडेंच्या टाकीवरून खाली आलं
आणि त्याने जरा अंग वळवलं.

पस्तीस वर्षं नोटा तपासल्या मी.
शेवटी शेवटी त्या धाग्याच्या :
समोर धरला की हिरवा, कलता केला की निळा.
कितीदा मनगट फिरलं असेल, मोजलं नाही,
ते एवढंच मोजलं नाही.
रंग कागदात नसतो,
धरण्यात असतो, हे हाताला माहीत होतं.
मला नव्हतं.
तिथे मान तिरकी करून उभी राहिले,
जांभळा, मग निळा, मग गळ्याशी हिरवट काहीतरी,
मग तो क्षणभर हवेतच थांबला,
दोन सेकंद, फार तर तीन,
आणि गेला.

आता मादीने तारेवरच घरटं लोंबतं ठेवलंय :
जाळी, वाळकी पानं, सालीचे कपटे,
कुणाच्या तरी झाडूतून सुटलेला केर.
कपडे पुढच्या दारी वाळतात, बोराडेवहिनी नाक मुरडतात.
लाल भांड्यात मी चिमटे ठेवते.

सकाळी सातला मुलीचा फोन, तिकडे संध्याकाळ.
कॅमेरा फांदीकडे धरते.
"आई, काळा ठिपका दिसतोय नुसता.
फोन तिरका धर ना जरा."
फोनने नाही व्हायचं, म्हणते,
थांब,
बोराडेंच्या टाकीवर ऊन येऊ दे.