मधला बांबू

पूनम गेटासमोर दोन मंडप.
एक बायांचा,
दुसऱ्याच्या फलकावर 'पत्नीपीडित'.
बांबू कमी पडले,
म्हणून मधे एकच रोवला मी, दोघांत.

सकाळपासून भोंग्यावर भोंगा.
दुपारी लाइट गेली
आणि उन्हाचाच आवाज राहिला.

मग बाळीवेशीकडनं वावटळ.
कापड फुगलं, बांबू कलला.
इकडनं धरला विडीवाल्या राजमणीनं,
तिकडनं लूमवरच्या अंबय्यानं.
तिची बोटं तंबाखूनं पिवळी,
त्याच्या भुवयांत कापूस.

"खाली धर."
"धरलंय की."
एवढंच बोलणं.

वारा पडला.
आधी कुणी सोडायचं, ठरेना.
मी दोरी घेऊन उभा,
गाठ मारायची घाई न करता.

भाडं अजून दोघांकडनंही यायचंय.