सात पॉइंट चार

पारसिक हिलवर, बंगल्यामागे,
सकाळी साडेसहाला मी गुडघ्यावर बसतो.
कोपरापर्यंत हात बुडवून कुपी भरायची,
वरचं पाणी घ्यायचं नाही.
औषधाचे पाच थेंब.
पिवळं पडलं तर पाणी आंबट,
गुलाबी चढलं तर आम्ल ओतायचं, वाऱ्याकडे पाठ करून.
आज नारिंगी.

काल नातवाचा वाढदिवस झाला, पंधरा पोरं पाण्यात.
बाई म्हणतात, "हसुराम, वास येतोय,
क्लोरीन जास्त झालं का?"
जास्त नाही बाई, कमी पडलं.
वास येतो तो दमलेल्या क्लोरीनचा.
हे कुणालाच पटत नाही.

मिठावर चालतो हा पूल.
यंत्र मिठाचं क्लोरीन करतं.
गुजरातची गोण, पंचवीस किलो,
खांद्यावर घेतली की बाबा आठवतो:
मिठागरात वाकून
थेंब जिभेवर ठेवायचा,
डोळे मिटायचा.
"आजून दोन दीस."
तिसऱ्या दिवशी मीठ धरायचं.

ती जागा इथून दिसते. टॉवरच्या काचा चमकतात.

वहीत लिहितो: सात पॉइंट चार.
कुपी धुतो.
बाई आत गेल्या का बघतो,
मग बोट बुडवून जिभेला लावतो.

अळणी.
अर्धी गोण अजून.