बोडीच्या पाळीवर

बाळंतपण साडेचारला आटोपलं.
पहिली एस्टी सातची.
हात तीनदा धुतले, तरी बोटांत डेटॉल
आणि कानात अजून तिचं ओरडणं.

पाळीवर येऊन बसले.
कोजागिरी होऊन आठवडा झालेला;
अर्धा चंद्र डोक्यावर,
कोणी मालवायचा विसरल्यासारखा.
खाली धानाच्या लोंब्या दवानं जड,
मधूनच एखादं जाळं, कोळी नसलेलं.

पूर्वेला बराच वेळ काहीच नव्हतं.
मग मोहाच्या झाडामागे
खरवसासारखं पिवळट
काहीतरी हळूहळू धरत गेलं.

मंसाराम दिघोरे डोंगा रेटत
शिंगाड्यांच्या वेलांत शिरला.
"मॅडम, टुरा का टुरी?"
"टुरी."
"बेस झालं," म्हणाला,
आणि मूठभर कोवळे शिंगाडे
ओंजळीत टाकून गेला, ओले, काटेरी.

आज सूर्य उगवताना बघायचाच, असं ठरवलेलं.
पण एक काटा बोटात गेला, तो काढेपर्यंत
पाणी तांबूस होऊन गेलं होतं,
माझी नखंही.
बोटांना आता चिखलाचा वास.

वळणावर एस्टीचा हॉर्न वाजला.
लगेच उठले नाही.
एक शिंगाडा सोलायचा राहिला होता.