जाऊन राहिली

एका रात्रीपुरती उतरले होते खाप्याला.
सावनेरची शेवटची गाडी चुकली, एवढंच कारण.
आज तेरावा दिवस,
आणि सॅकच्या पट्ट्यावर कोळ्यानं घर केलंय.

कन्याकुमारीपासून इथवर
सगळा देश माझ्या अंगावरून गेला.
हॉर्न, भोंगे, वेटिंग लिस्ट,
‘मॅडम, एकट्याच?’
मदुराईत लॉजच्या खिडकीखाली
रात्रभर कोणीतरी लोखंड कापत होतं.
हैदराबादेत एक रस्ता मी
म्हशीच्या आडोशानं ओलांडला.

इथे, देवकाबाई नंदनवारांच्या पुढच्या खोलीत,
पहिल्या रात्री दचकून जाग आली ती
काहीच ऐकू येत नाही म्हणून.
मग कन्हान ऐकू आली,
शेजारी कोणी कागदाची घडी घालावी
इतकीच.

बारा दिवस काय केलं?
उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलल्या.
सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो, हे शिकले.
सुगत गजभिये, वय नऊ,
माझा हेडलॅम्प डोक्याला बांधून
भर दुपारी नदीवर गेला.
‘मासे झोपले काय ते पाहून येतो.’
मी काय करते, हे कोणी विचारलं नाही.
विचारलं, जेवली काय.

काल संध्याकाळी म्हटलं,
किती शांत आहे हो तुमचं गाव.
देवकाबाई कणीक मळत होत्या. हात थांबला नाही.
‘शांत नव्हतं वं बाई.
या आळीत बावीस माग होते.
पहाटे चारपासून खटक-खटक,
लेकरू रडलं तरी समजे नाही.
तू झोपते ना, तिथंच आमच्या मामंजीचा माग.
लाकूड इकलं. पोरं गेली हिंगण्याले, पुण्याले.
मले अजून बी झोप नाही येत,
आवाज नाही म्हणून.’

रात्री गादी सरकवून पाहिलं.
फरशीत एक चौकोन वेगळ्या रंगाचा,
बुजवलेला खड्डा,
ज्यात पाय सोडून कोणीतरी आयुष्यभर बसलं.
त्या पायांच्या जागेवर
मी बारा रात्री झोपले
आणि त्याला शांतता म्हणत होते.

खोटं कशाला बोलू,
तेराव्या रात्रीही झोप लागली.

म्हणून निघाले, असंही नाही.
कारण नेहमीचंच, तिकीट.
जबलपूर, मग कटनी, मग गर्दीच गर्दी.

सॅक पाठीवर चढवली तेव्हा
देवकाबाई दारात उभ्या.
‘जाऊन राहिली काय?’
आमच्या चिपळूणकडे याचा अर्थ होईल
गेली, आणि तिथेच राहिली.
इथे होतो, निघालीस का.
इथल्या व्याकरणात
राहिल्याशिवाय जाताच येत नाही.
येऊन राहिली, खाऊन राहिली,
‘रडून राहिली!’ सुगत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.
मी म्हटलं, चुलीचा धूर आहे.
गॅसवर चहा उकळत होता.
‘हो,’ म्हटलं देवकाबाईंना, ‘जाऊन राहिली.’

पाटणसावंगी. कोळशाचे ट्रक.
कोराडीच्या चिमण्या,
आणि मग नागपूर
उड्डाणपुलावरून उडी मारून अंगावर आलं.
स्टेशनात तर देश चारही दिशांनी येऊन
स्वतःच्याच पायावर पाय देत होता.
हमाल म्हणाला, बाजू.
मी बाजू झाले.

फलाटावर फोन वाजला.
‘टावेल राहिला तुया. दोरीवर वाळून राहिला.’
मागून सुगत ओरडत होता, लाईटचा सेल गेला म्हणून.
हेडलॅम्पही राहिला होता तर.
घोषणा तीन भाषांत चालू,
मला एकीतलंही कळेना.
‘राहू द्या,’ म्हटलं.
‘काय म्हनते?’
‘राहू द्या! राहू द्या!’
चार माणसं वळून बघायला लागली.
गाडी लागली.