दीड सूत

वैजूची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
वर दोन रबरबँड.
वाशीच्या बसला ब्रेक लागला
आणि सुरी पिशवीतून, ड्रेसमधून
मांडीत.
चार टाके. हॉटेलात कुणाला बोलली नाही,
उभ्यानं कांदा चिरत राहिली रात्री अकरापर्यंत.
मला कळलं ते धुण्यातल्या डागावरून.

मी पॅटर्नमेकर. वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं.
म्हणजे ओतकामाआधी तोच भाग लाकडात करायचा,
वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा.
मागे जी पोकळी उरते, तिचा पगार.
लोखंड निवताना आक्रसतं,
म्हणून फुटामागे एक सूत जास्त धरायचं.
कंपनी गेली, तिथे काचेची इमारत आली,
बोटं अजून एक सूत जास्तच धरतात,
भेंडी निवडतानाही.

बंद झाली तेव्हा आवारात पॅटर्न जाळत होते, तीन दिवस.
मी पंपाचा एक पंखा काखेत मारून निघालो.
गेटवरच्या लालजीनं बिडी पेटवायला पाठ फिरवली.
बर्मा साग. माळ्यावर अठरा वर्षं पडून.
त्याचंच म्यान करायला घेतलं.

दोन फळ्या, दोन्हींत अर्धी अर्धी सुरी कोरायची.
पात्याला काजळ फासायचं,
घालायचं, काढायचं,
जिथे काळं उठेल तिथे पटाशीनं खरवडायचं.
पाठ टेकली पाहिजे. धार कुठेच टेकता कामा नये,
धारेला अंधार पुरतो.
सावरकरनगरच्या आमच्या गॅलरीत
चार दिवस हेच. शेजारचा पोरगा विचारून गेला,
काका, तलवार?

तोंडाशी मात्र लाकूड तडकलं. दोनदा.
सागाला काय दोष देणार,
सगळ्यांचं जाणं-येणं तोंडातूनच.
कडं हवं होतं, टणक काहीतरी.
पितळ नाही, पितळ पात्याला खातं.

ही आतून बाळगुटीची डबी घेऊन आली.
वेखंड, मायफळ, मुरडशेंग,
तळाशी साबरशिंग.
येऊरच्या रानात गळून पडलेलं,
तिच्या आईला कुणी आणून दिलेलं.
असलं घरात ठेवणं आता गुन्हा, मी म्हणालो.
ती म्हणाली, हो.
डबी तिथेच ठेवून कणीक मळायला गेली.

एक टोक तिरकं झिजलेलं, सहाणेवर.
वैजूच्या छातीत घरघर व्हायची, त्यात काही गेलं.
धाकट्याच्या डांग्या खोकल्यात काही.
आणि सगळ्यांत आधी, सात रात्री सलग,
ज्याचं नाव ठेवायचं राहिलं त्याच्यासाठी.
कुठली झीज कुणाची
ते वेगळं काढता येत नाही.
मी पट्टी लावून पाहिलं.
दीड सूत.

करवत लावल्यावर केस जळल्यासारखा वास सुटला.
ही खिडकी उघडायला आली
आणि खिडकीपाशीच उभी राहिली, पिठाच्या हातांनी.
आतून शिंग खारीसारखं, भोकाभोकांचं.
तेवढं कोरून टाकलं, बाहेरची साल ठेवली,
तोंडावर बसवली, सरसानं चिकटवली,
सुतळीनं आवळून रात्रभर.
सगळं कानशीनं एकसारखं केलं.
तिरकं टोक नाही. त्याला हात लावला नाही.

वैजूनं म्यान उलटसुलट करून पाहिलं.
घट्ट आहे हो, बाबा.
असू दे, म्हटलं, हवा दमट आहे,
दिवाळीपर्यंत सैल होईल.
मग न सांगता तिचा अंगठा
बरोबर त्या उतारावर गेला,
रेटला,
सुरी सुटली. टक्.
हे इथे असं तिरकं का ठेवलंय?

हाताला बरं पडतं, मी म्हणालो.

आत पोळी फुगल्याचा वास.
तिनं पुन्हा एकदा केलं,
टक्,
आणि पुन्हा.