ज जाराचा

त्रिएस्तेच्या पाणीखात्यात फोन घेते मी.
दिवसभर कानात नावं येतात,
निम्मी बोरा वाऱ्यानं फाडलेली.
मग म्हणावं लागतं, एकेक अक्षर सांगा.

आणि लोक गावं सांगू लागतात.
अ अंकोनाचा. ब बारीचा.
द दोमोदोस्सोलाचा,
जिथं कुणाचं कधी काही काम निघत नाही.
मी उतरले होते एकदा, गाडी चुकली म्हणून.
फलाटावर एक कुत्रा, समोर डोंगर.
चांगलं गाव आहे.
उगाच एका अक्षरावर त्याची बोळवण करतात.

ह ला मात्र अख्ख्या इटलीत गाव सापडेना.
उच्चारही नाही बिचाऱ्याला, नुसता लिहायचा.
म्हणून तो हॉटेलात राहतो.
ह हॉटेलचा.

तुल्लियो जुलिन दर दोन महिन्यांनी
मीटरचा आकडा कळवायचे.
आडनाव मला पाठ, तरी ते सोडत नसत:
ज जाराचा,
उ उदिनेचा, ल लिव्होर्नोचा, इ इमोलाचा, न नापोलीचा.
शेवटची चार भराभर,
पोस्टमननं दाराखालून पाकिटं सरकवावीत तशी.
जारा सावकाश.

जारा आता आमच्याकडे नाही.
समुद्रापलीकडे आहे, दुसऱ्या देशात, दुसऱ्या नावानं.
लढाईनंतर नकाशातून गेलं,
फोनवरून काढायचं राहून गेलं.
बोटीत चढले तेव्हा ते सहा वर्षांचे होते,
मांडीवर शिलाई मशीनचं झाकण.
मशीन मागच्या बोटीनं येणार होतं.

"परत गेलात का कधी?" मी विचारलं होतं.
"दर दोन महिन्यांनी," म्हणाले,
आणि आकडा सांगितला.

मार्चमध्ये त्याच नंबरावरून एका बाईचा आवाज.
मीटर बंद करायचंय. म्हातारे गेले, मंगळवारी.
सात वर्षं तीच त्यांना भरवत होती,
त्यांच्याच मागच्या खोलीत झोपत होती.
नाव विचारायचा नियम आहे. विचारलं.

आमची गावं तिला येत नव्हती.
तिनं तिच्याकडची माणसं सांगितली:
ज जोयाचा.
उ उल्यानाचा.
ल लेस्याचा.
इ,
इ इव्हानचा. त्याला जरा वेळ लागला.
न नीनाचा.

मी टाइप करत राहिले.
पाचही अक्षरं बरोबर होती,
पडद्यावर तेच आडनाव उमटलं.
तरी एखाद्या ओळखीच्या घराचं दार
परक्यानं उघडावं, तसं वाटलं.

शेवटचा आकडा तिनं वाचून दाखवला. चारशे बारा.
"कळवणाऱ्याचं नाव?"
वाऱ्यात आलिना ऐकू आलं, किंवा हालिना.
"अ अंकोनाचा," मी म्हटलं, "की ह हॉटेलचा?"

मागे कुठंतरी नळ वाहत होता.
तिनं जाऊन बंद केला, परत आली.

"हॉटेलचा," म्हणाली.
"रविवारपासून."