ओले बूट

हेक्टर फ्लेटच्या आधी व्हॅनमध्ये त्याचा चिखल शिरायचा.
मी कुरकुरायचे. सत्तावीस वर्षं आवाजाच्या बटणांशी बसलेय,
माझ्या वायरींना ओल सोसत नाही.
तो म्हणायचा, "रोना, मैदानावर जाऊन आलो गं,
दोन्ही गोलांत उभा राहून आलो."
कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

हेडफोनमधून माणूस फार जवळून कळतो.
कोणाच्या दातांत फट आहे, कोण घोट लपवतो,
कोणाला खेळ दिसतच नाही नि तो कागद वाचतो:
ब्याऐंशी टक्के पास, अकरा किलोमीटर धाव.
आकडे खरे असतात.
वाण्याची यादीही खरीच असते,
ती वाचून कोणी जेवत नाही.

हेक्टर बकीचा. स्कॉटलंडच्या वरच्या अंगाला, मासेमारांचं गाव.
तिथे 'काय'ला 'फिट' म्हणतात
आणि 'र' असा ओढतात
जसा गोट्यांवरून होडीचा तळ.
पहिल्या हंगामात पत्रांचा ढीग आला,
हा गृहस्थ बोलतो की गुळण्या करतो?
क्रिस्पिनने लंडनहून एक बाई बोलावल्या.
सहा आठवडे त्यांनी त्याचा हेल इस्त्रीखाली घातला.
मग तो बोलू लागला स्वच्छ, सपाट,
विमानतळावर गेट बदलल्याचं सांगावं तसा.
गोल झाला तरी वाटायचं,
आता म्हणेल, आपलं सामान विसरू नका.

ते टिकलं नोव्हेंबरपर्यंत.
एका शनिवारी एक धिप्पाड बॅक
स्वतःच्याच पायात पाय अडकून आडवा झाला,
आणि हेक्टरच्या तोंडून बंदरावरचा एक शब्द निसटला.
इथे लिहिण्यासारखा नाही.
मी हसले, कॅमेरा हलला, म्हणजे कॅमेरामनही हसला.
त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

डिसेंबरातली ती मॅच.
गोलात एकोणीस वर्षांचा डोमांतास,
आई मासळीच्या कारखान्यात, लिथुआनियाहून आलेली.
त्याचं नाव सगळे आपापल्या सोयीने मोडायचे.
हेक्टर शिफ्ट सुटताना फाटकाशी उभा राहिला होता,
तिलाच विचारायला, जोर कुठे द्यायचा, जीभ कुठे टेकवायची.
ज्याला स्वतःचा 'र' सोडायला लावला होता
त्याला दुसऱ्याचं नाव असं हळू उचलता येत असावं.

शेवटची पाच मिनिटं. लांबून आलेला साधा चेंडू,
पोरगं हात वर करतं,
आणि चेंडू त्याच्या खांद्यावरून आत.

शेजारी बसलेल्या माजी खेळाडूने श्वास घेतला,
मला ऐकू आलं, 'घोडचूक' त्याच्या ओठांवर आली होती.
हेक्टरने त्याच्या मनगटावर हात ठेवला.
एक सेकंद. चार. सात.
क्रिस्पिन सगळ्यांच्या कानात ओरडतोय, बोल, कोणीतरी बोला!
मी काय केलं? मैदानाचा आवाज वर ढकलला.
समुद्रपक्षी. एका बाकाची करकर.
आणि गोलामागे कुठेतरी एक लहान मूल,
"फिट? फिट?"

अकराव्या सेकंदाला हेक्टर म्हणाला,
"त्याला सूर्य दिसला.
पावणेतीनला त्या गोलात उभं राहिलं
तर चेंडू येत नाही, सूर्यच येतो अंगावर.
मी सकाळी पाहून आलोय, तो कुठून उतरणार."

मग रिप्ले लागला.
पोराचे हात चेंडूसाठी नव्हते उठले,
डोळ्यांवर आडोसा धरायला उठले होते.

हेक्टर आता बोलत नाही, निवृत्त झाला,
म्हणतात बंदरावर बसून होड्यांवर टीका करतो.
त्याच्या जागी नवा मुलगा आलाय.
आवाज छान, बूट लख्ख.
मी त्याला काही शिकवत नाही, माझं काम बटणांचं.
परवा फक्त त्याच्या खुर्चीखाली
जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवली.
"हे कशाला?" त्याने विचारलं.